हवेची गाळणी

"फिल्टर किती वेळा बदलला?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा महिपतीला खरं तर हायसं वाटलं. इतका वेळ ते त्याच्या बायकोच्या, लीलाबाईच्या, छातीचे दोन फोटो खिडकीच्या उजेडात धरून नुसते बघत होते, एक गेल्या दसऱ्याच्या आधीचा, एक आजचा, आणि त्या काळ्यापांढऱ्या पसाऱ्यातलं महिपतीला काडीचंही कळत नव्हतं. फिल्टरचं मात्र त्याला सगळं कळत होतं. घरात तो त्याला गाळणी म्हणायचा. चहाची गाळणी चहा गाळते तशी ही हवा गाळते, हे त्यानंच लीलाबाईला समजावून सांगितलं होतं. म्हणून तो खुर्चीत जरा पुढं सरकला आणि म्हणाला, "एकदाही नाही साहेब. आठ महिने झाले, अजून पांढरीशुभ्र आहे. बदलायची वेळच आली नाही." हे सांगताना तो हसला सुद्धा. हातचे पैसे राखून संसार करणारा माणूस असा हसतो, बाजारात, तलाठ्यासमोर, सोयऱ्यांत. डॉक्टरांनी हातातला फोटो खाली केला. घरावरचा खडीचा क्रशर बंद पडलाय का, असं त्यांनी विचारलं. महिपती म्हणाला, छे, जोरात चालू आहे, आता तर उजाडल्यापासून अंधार पडेतो दोन पाळ्या असतात.  बाहेरच्या बाकावर बसलेली लीलाबाई खोकत होती, तो खोकला संपेपर्यंत ते थांबले आणि मग अगदी हळू म्हणाले, "गाळणी पांढरी राहिली, तर मग धूळ कुठं गेली, महिपतराव?"

नंतरचं बोलणं त्याच्या कानांवर पडलं, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं. औषधाचा भाग आता उरला नाही. जपा. खायला मागतील ते द्या. दिवाळीपर्यंत. दिवाळीपर्यंत काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि महिपतीनंही विचारलं नाही. वडगावला तिच्या बहिणीकडं नेऊ का, एवढंच तो पुटपुटला, तर डॉक्टर म्हणाले, कुठंही न्या, आता सारखंच आहे. वर्षापूर्वी मी तेच सांगत होतो. महिपती उठला, दोन्ही फोटो त्यानं पाकिटात घातले आणि बाहेर आला. लीलाबाईनं पदर तोंडाशी धरून विचारलं, काय म्हणले. तो म्हणाला, गोळ्या बदलल्यात. मग तिला हाताला धरून त्यानं रस्त्यावर आणलं आणि समोरून चाललेला टांगा थांबवला. कुसगावपर्यंत रुपया पडतो. बावीस वर्षांच्या संसारात लीलाबाई टांग्यात दोनदाच बसली होती, एकदा लग्न होऊन आली तेव्हा आणि एकदा सासूचं दुखणं बळावलं तेव्हा. ती चढली नाही, तशीच उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "टांगा कशापायी?" ती म्हणाली. ऊन लय आहे, असं काहीतरी तो बोलला. ती मग गुमान चढली. बाई अडाणी असली तरी नवऱ्याचा हात कधी सैल सुटतो हे तिला बरोबर ठाऊक होतं.

ज्येष्ठ लागायला आला होता. बाजारपेठेत मुंबईची माणसं नुसती वाहत होती. पांढऱ्या टोप्या, रंगीत छत्र्या, चिक्कीचे पुडे. टांग्याशेजारून एक गृहस्थ बायकोला घेऊन चालले होते, मध्येच थांबून त्यांनी छाती फुगवली, डोळे मिटले आणि म्हणाले, काय हवा आहे! महिपतीनं हे वाक्य जन्मभर ऐकलं होतं. तुंगार्लीला तीन बंगले त्याच्या देखरेखीखाली असायचे, पाण्याचे पंप, विजेची बिलं, कौलं, कुलपं सगळं तोच बघायचा, आणि बंगल्यांत येणारा प्रत्येक जण पहिल्या सकाळी व्हरांड्यात उभा राहून हेच म्हणायचा. म्हणून गेल्या वर्षी डॉक्टरांनी हवापालट करा असं सांगितलं, तेव्हा त्याला हसूच फुटलं होतं. जग हवा खायला लोणावळ्याला येतं, आणि आम्ही इथून कुठं जायचं? डॉक्टर तेव्हा चिडले होते. लोणावळ्याची हवा आणि तुमच्या परसातली हवा एक नव्हे, तुम्ही खडीच्या मशीनखाली राहता, असं म्हणाले होते. खाली म्हणजे काय, तीनशे पावलांवर. पण ते खोटंही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी वरचा माळ, ज्यात नाचणीसुद्धा धड होत नसे, तो महिपतीनं आणि त्याच्या धाकट्या भावानं, बजरंगनं, खडीच्या ठेकेदाराला भाड्यानं दिला. रस्त्याचं काम निघालं होतं, खडी सोन्याच्या भावानं जात होती. पहिल्या महिन्यात भाड्याच्या नोटा हातात पडल्या, तेव्हा लीलाबाईनं त्या देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. मग हळूहळू घराचा रंगच गेला. तुळस पांढरी झाली, गोठ्यातल्या म्हशीच्या पापण्या पांढऱ्या झाल्या, वाळत घातलेलं लुगडं दांडीवरून काढलं तर खळ घातल्यासारखं कडक लागायचं. भाकरीचा घास दाताखाली करकरायचा. लोक तोंडावर काही म्हणत नसत, कारण माळ ह्यांचाच. महिपतीलाही कुणाला काही म्हणता येत नव्हतं.

तेव्हाच लीलाबाईची बहीण शकुबाई वडगावहून आली होती. बहिणीचा बसलेला आवाज ऐकून ती दारातच रडायला लागली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घराशेजारची एक खोली बघून आल्याचा निरोप तिनं पाठवला. मोरी आत, पुढं पिंपळ, भाडं पंधरा रुपये, तीन महिन्यांचे पंचेचाळीस आगाऊ. लीलाबाई तयार होती. पोर एकच, ती लग्न होऊन मुळशीकडं गेलेली. म्हैस विकायची, महिपतीनं हाताला येईल ते शिजवून खायचं, रविवारी वडगावला जायचं, सगळं तिनं मनात लावून टाकलं होतं. आणि इथंच महिपतीचं अडलं होतं. कारण भाड्याखेरीज ठेकेदार त्याला दर महिन्याला तीस रुपये वेगळे द्यायचा, ते बजरंगला माहीत नव्हते आणि लीलाबाईलाही नव्हते. धुळीचे पैसे, असं ठेकेदार त्यांना म्हणायचा. तुमच्या घरात बाईमाणूस दिवसभर असतं, तिला त्रास होतो, म्हणून हे. महिपतीनं एकदा आडून विचारून पाहिलं, बायको बाहेरगावी राहिली तर? ठेकेदार मोठ्यानं हसला होता. बाईच नसली तर धूळ कुणाला, महिपतराव? ते तीस रुपये पोस्टाच्या पुस्तकात पडत होते. का पडत होते, काय करायचं होतं त्यांचं, हे महिपतीला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पुस्तक उघडलं की शेवटचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा दिसायचा, आणि त्या रात्री त्याला झोप चांगली लागायची. माणूस काही वाईट नव्हता हो. दारू नाही, बाहेरचा नाद नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. फक्त हातातून काही सुटायचं म्हटलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

त्याच दिवसांत तुंगार्लीच्या एका बंगल्यातल्या बाईसाहेब बंगला बंद करून मुलाकडं जर्मनीला निघाल्या. त्यांना दमा होता. मुलानं बोटीनं त्यांना एक यंत्र पाठवलं होतं, रेडिओएवढी पत्र्याची पेटी, मागून हवा आत ओढायची, गाळणीतून गाळायची आणि पुढच्या झडपांतून बाहेर सोडायची. दर तीन महिन्यांनी तिची गाळणी बदलायचं काम महिपतीचंच होतं. पहिल्यांदा त्यानं ती काढली, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. दुधासारखी पांढरी म्हणून आणलेली वस्तू तव्याच्या बुडासारखी झाली होती. बाहेर झाडी, समोर तळं, मोटार आठवड्यातून एखादी, आणि तरी हे एवढं काळं. बाईसाहेब म्हणाल्या होत्या, बघ महिपती, हे सगळं माझ्या छातीत गेलं असतं. त्या वाक्यासरशी त्याला कुसगावचं घर आठवलं होतं, चुलीपुढं बसलेली लीलाबाई आठवली होती, आणि घरी जाताना तो सायकलवरून उतरून काही वेळ नुसता उभा राहिला होता. म्हणजे कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, चांगलं कळलं होतं. सामान विकायला काढलं तेव्हा बाईसाहेबांनी यंत्राचे अडीचशे सांगितले, नवी गाळणी आत घालून. पुढच्या गाळण्या मुंबईहून मागवायच्या, एकीला सव्वीस रुपये. महिपतीनं व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिथल्या तिथं गणित केलं. खोली घेतली तर पंधरा जाणार आणि धुळीचे तीस बुडणार, महिन्याला पंचेचाळीस, वर्षाला पाचशे चाळीस. यंत्र घेतलं तर अडीचशे एकदाच, गाळणीचे महिन्याला नऊ धरा, विजेचे चार, वर्षाला सगळे मिळून चारशे सहा. पुन्हा घर नांदतं राहणार. एकशे चौतीस रुपये वाचत होते, आणि बायकोचा जीवही वाचत होता. एकाच दगडात इतकं सगळं साधतंय म्हटल्यावर त्याला त्या पायरीवर अगदी गहिवरून आलं.

घरी त्यानं हे गणित लीलाबाईला वाचून दाखवलं, धुळीचे तीस तेवढे गाळून. ते गाळल्यावर खोलीच स्वस्त पडत होती, म्हणून मग त्यानं दुसऱ्या चुलीचा खर्च घातला, येण्याजाण्याचा घातला, रॉकेल घातलं, आणि शेवटी मान हलवून म्हणाला, खोली आपल्याला झेपायची नाही. लीलाबाई खाली मान घालून ऐकत होती. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण ऐकलेला आकडा ती विसरत नसे. तिचं तोंड पडलेलं बघून त्याला वाईट वाटलं, म्हणून तो जाता जाता बोलून गेला, की हे गाळणीचं खर्चिक काम आहे, ती मळली की सव्वीस रुपये गेलेच समज, पण त्यातून चार पैसे मागं पडले तर वडगावची खोली बघू की. बोलायला काय लागतं? दसऱ्याला यंत्र घरात आलं. त्यानं ते देवळीशेजारी मांडलं, झेंडूचं फूल वाहिलं, मागचे दोन चिमटे उघडून गाळणी कशी निघते, कशी बसते ते तिला दाखवलं. कौलांतून हवा निसटू नये म्हणून दोन दिवस खपून पावसाळ्याआधी लिंपतात तशा फटी लिंपल्या. आणि तिला बजावून सांगितलं, दिवसभर ह्याच्या पुढ्यात बसायचं, निवडणं टिपणं, दळण चाळणं सगळं इथंच, तोंडावर वारा लागला पाहिजे. ती बसायची. संध्याकाळी तो तुंगार्लीहून यायचा, तेव्हा यंत्र घुमत असायचं आणि ती त्याच्यासमोर पाय पसरून बसलेली असायची, आणि त्याला घरात शिरताना फार समाधान वाटायचं.

संक्रांतीला तीन महिने झाले. त्यानं गाळणी काढली, आणि ती पांढरी. कडांना जरा पिवळसर, बाकी नव्यासारखी. त्या क्षणी, अगदी पापणी लवावी इतकाच वेळ, त्याच्या डोळ्यांपुढं बंगल्यातली ती काळी गाळणी आली होती. तळ्याकाठी काळी आणि क्रशरखाली पांढरी? पण हा प्रश्न त्यानं पुरता होऊच दिला नाही. आपल्याकडं वर्दळ नाही, मोटारी नाहीत. फटी लिंपल्यात. खडीची धूळ जड असते, ती खाली बसते, हवेत राहत नाही. एकामागून एक कारणं आपण होऊन हात जोडून पुढं उभी राहिली, आणि सव्वीस रुपये वाचले. पाडव्याला पुन्हा पांढरी, पुन्हा सव्वीस. तेव्हा तर त्यानं लीलाबाईची पाठ थोपटली होती, म्हणाला होता, तुझ्या हातगुणानं यंत्र टिकलंय बघ. ती लाजून हसली होती आणि हसता हसता खोकली होती. तिचा खोकला वाढला होता, हे त्याला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण कानांना यंत्राची घरघर ऐकू यायची, आणि ती ऐकली की वाटायचं, इलाज चाललाय. ठेकेदारालाही त्यानं गमतीनं सांगितलं, आमच्या घरात तुमची धूळ येतच नाही. ठेकेदार चमकला, म्हणाला, मग तीस रुपये कशाचे? तेव्हा महिपतीनं घाईघाईनं जीभ चावली होती.

टांगा ओढ्याच्या पुलावर आला, तेव्हा क्रशरचा आवाज सुरू झाला. गावाच्या बाजूला आभाळ दुधाळ होतं. दिवाळीपर्यंत हा शब्द आता कुठं त्याच्या आत उतरायला लागला होता. त्यानं शेजारी पाहिलं. लीलाबाई टांग्याच्या दांडीला धरून बसली होती, गळ्याच्या खळग्यात प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, भरत होता. बावीस वर्षांपूर्वी हीच बाई भाताची पेंढी डोक्यावर घेऊन बांधावरून पळत यायची. त्याला एकदम तिचा हात धरावासा वाटला, पण टांगेवाल्यादेखत ते जमलं नाही. घर आलं. ती ओसरीवर टेकली. महिपती पायांतल्या वहाणा न काढता आत गेला आणि थेट यंत्रापाशी. निघताना तिनं ते बंद केलं होतं. त्यानं ते भिंतीपासून ओढलं, मागचे चिमटे उघडले. आत गाळणी नव्हती. नुसती रिकामी चौकट होती, आणि तिच्यापलीकडं पंख्याची पाती, त्यांवर खडीच्या धुळीचा बोटभर थर. त्यानं झडपांवरून बोट फिरवलं. पुढच्या बाजूलाही तसाच थर. सकाळी सात वाजता तो तुंगार्लीला पाणी सोडायला गेला होता, तेव्हा गाळणी आत होती, काल रात्री त्यानं स्वतः पाहिली होती. अकराला तो लीलाबाईला न्यायला परत आला. एवढंच.

"गाळणी कुठं आहे?" त्यानं विचारलं. 

लीलाबाई भिंतीला धरून आत आली. चोरी सापडल्यासारखी ती क्षणभर घोटाळली, मग तिनं ट्रंक उघडली आणि लग्नातल्या शालूच्या घडीतून ती काढली, धुवट फडक्यात गुंडाळलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली. फडकं सोडून दोन्ही हातांनी तिनं ती पुढं धरली. घरात चांगली वस्तू आली की ती अशीच ठेवायची, हे तिला आईनं शिकवलं होतं, सासूनं शिकवलं होतं. चांगलं लुगडं सणाला, पितळेचा तांब्या पाहुण्याला, आणि गाळणी धनी घरी आल्यावर. एकेक वाक्यानंतर दम घेत तिनं सगळं सांगितलं. तुमी सकाळी गेलं की मी काढून ठिवायची. दिसा धूळ लय, दिसा ठिवली तर दोन दिसांत मळंल. तुमी यायच्या वक्ताला परत बशिवायची. रातीला खडीची मिशन बंद असती, धूळ न्हाई, मग न्हाई मळत.

"आणि यंत्र? दिवसा यंत्र बंद ठेवायचीस ना?"

"बंद कशापायी? पंखा चालूच हुता की. तुमी म्हणलता, पुढ्यात बस, त्वांडावर वारा लागू दे. मी बसायची. उटलेच न्हाई मी हितनं."

महिपती खाली बसला. लिंपलेल्या भिंती, बंद फटी, आणि त्या बंद घरात धूळ ओढून तिच्या तोंडावर फुंकणारं ते यंत्र, दिवसाचे दहा तास, आठ महिने. आणि ते पुढ्यात बसायला त्यानंच सांगितलं होतं. त्याला ओरडायचं होतं, तिला दोन शब्द लावायचे होते, अगं भवाने काय केलंस हे, असं म्हणायचं होतं. त्यासाठी त्यानं तोंड उघडलंसुद्धा. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. ती त्याच्या रागाची वाट बघत नव्हती. तिच्या डोळ्यांत निराळंच काही होतं, लहान पोरीच्या डोळ्यांत असतं तसं, काहीतरी सांगायला उतावीळ झालेलं. पदराच्या टोकाशी चाळा करत ती म्हणाली, "रागं भरू नका. दोन गाळण्यांचं बावन्न वाचलं, मी मनात धरून ठिवलंय. शकूच्या खोलीला आगाऊ पंचेचाळीसच लागत्यात. आता झालं न्हवं का तेवढं?"

बाहेर क्रशरमध्ये मोठा धोंडा पडला, त्याचा हादरा जमिनीतून वर आला. तिनं पंचेचाळीस रुपयांसाठी केलं होतं. त्याच्या पोस्टाच्या पुस्तकात सहा वर्षांचे धुळीचे पैसे पडून होते, तिच्याच नावानं ठेकेदारानं दिलेले, आणि ही बाई इथं बसून बावन्न रुपये जमवत होती, छातीत. हे तिला सांगावं असं त्याच्या मनात आलं. सांगून टाकावं, पायावर डोकं ठेवावं. पण मग तिला सगळंच कळलं असतं, आणि उरलेले दिवस तिला ते घेऊन काढावे लागले असते. की हेही त्यानं स्वतःला सोयीचं म्हणूनच शोधून काढलं होतं? ते काही त्याला ठरवता आलं नाही.

"झाले," तो म्हणाला.

"खरं?"

"व्हय. सोमवारी जाऊ."

लीलाबाई हसली. असं तोंड भरून हसलेली तिला त्यानं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग ती भिंतीला धरत चुलीकडं गेली आणि काय न्यायचं, काय ठेवायचं ते मोठ्यानं ठरवायला लागली. तवा न्यायचा, परात इथंच, शकूकडं आहे. यंत्र तुमाला राहू द्या, तिथं काय करायचंय, तिथं पिंपळ आहे. बोलता बोलता तिला ढास लागली, ती चुलीच्या ओट्याला टेकून उभी राहिली, आणि थांबल्यावर पुन्हा तिथूनच पुढं बोलायला लागली. महिपती ऐकत होता, मान हलवत होता. आणि त्याच वेळी, त्याला न विचारता, त्याच्या डोक्यात कुणीतरी मांडणी करत होतं. दिवाळीला पाच महिने. खोलीचे पंधरा आणि धुळीचे बुडालेले तीस, महिन्याला पंचेचाळीस. पाच महिन्यांचे दोनशे पंचवीस. यंत्राच्या अडीचशेपेक्षा पंचवीस रुपये कमीच. त्यानं डोळे मिटून घेतले, पण बेरीज चुकली नव्हती. परवडत होतं.